तीन किक एकावर एक ठेवल्या तरी ठोका पोकळच!

खोलीतला_डीजे
मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, दोन आठवडे डोक्याची मंडई झालीय. नोकरी सांभाळून रात्री ट्रॅक बनवतो. टेक हाउस या नाचाच्या संगीताच्या आसपासचं काम, १२८ बीपीएम (मिनिटाला १२८ ठोके), ए मायनर. बाकी सगळं जमलंय, किक (ढोलाचा तळाचा ठोका) सोडून.

तीन सॅम्पलं (तयार आवाजांचे तुकडे) घेतली. वरच्या 'टक्'साठी ९०९ या ड्रम मशीनची, मधे एका पॅकमधली (सॅम्पलांच्या तयार संचातली) जाडजूड किक आणि खाली ८०८ या दुसऱ्या ड्रम मशीनची लांब शेपटी. एकेकटी वाजवली की तिन्ही झकास. तिन्ही एकत्र लावली की आवाज वाढतो, पण पोटात काही नाही. रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखं. म्हणून चौथी टाकली, तर आणखी पोकळ. मग आवाजाची टोकं दाबायला कॉम्प्रेसर लावला, लिमिटर लावला. आता शेजारचे काका दार वाजवतात तो ठोका माझ्या किकपेक्षा भरीव वाटतो.

एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर वापरतो, ५ इंची मॉनिटर (स्पीकर) आहेत, खोली डोंबिवलीची म्हणजे किती ते समजून घ्या. काय चुकतंय?


टिपरू
मंगळवार, रात्री ११:५८

आधी चौथी काढा. मग कॉम्प्रेसर आणि लिमिटर काढा. आजारी माणसाला कोट घालून ताप उतरत नाही.

आता ८०८ च्या चॅनेलमध्ये जाऊन 'रिव्हर्स पोलॅरिटी' (लाट उलटी करणारं बटण) दाबा आणि काय होतं ते सांगा. एवढंच. बाकी उद्या.


खोलीतला_डीजे
बुधवार, रात्री १२:१०

अरे बापरे. खालचा आवाज एकदम आला! इतके दिवस होता कुठे? पण शेपटीकडे जरा लडखडतंय, वँव-वँव असं. आणि पहिला धक्का कधी बसतो, कधी नाही असं का वाटतंय?


अर्धा_सेमीटोन
बुधवार, सकाळी ७:२०

टिपरू झोपलेत बहुतेक, तोवर मी सांगते.

तुमचा ट्रॅक ए मायनर, म्हणजे किकचा तळ बहुधा ५५ हर्ट्झला (सेकंदाला ५५ लाटा) असणार. ५५ हर्ट्झची एक लाट पुरी व्हायला सुमारे १८ मिलिसेकंद लागतात. समजा, दोन सॅम्पलांमध्ये ९ मिलिसेकंदांचा फरक आहे. एक लाट वर जाते तेव्हा दुसरी बरोबर खाली येते आणि दोघी मिळून शून्य. आता गंमत बघा. तोच ९ मिलिसेकंदांचा फरक ११० हर्ट्झला पुऱ्या एका लाटेएवढा पडतो. तिथे दोघी हातात हात घालून जातात आणि आवाज दुप्पट होतो, म्हणजे ६ डीबी (डेसिबल) जास्त. तळ गेला, त्याच्या वरचं पोट फुगलं. तुमचं रिकामं पिंप हेच. आवाज मोठा, तरी पोकळ.

कानाला ९ मिलिसेकंद वेगळे ऐकू येत नाहीत, म्हणून माणूस लेयर (एकावर एक ठेवलेली सॅम्पलं) दोषी धरत नाही, ईक्यू (हव्या त्या फ्रीक्वेन्सी उचलणारं-दाबणारं साधन) धरतो.

पोलॅरिटी उलटी केल्याने तुमचा बराचसा घोळ सुटला, कारण तुमचा फरक योगायोगाने अर्ध्या लाटेच्या जवळ होता. पण उलटं करणं वेगळं आणि मागेपुढे सरकवणं वेगळं. पहिल्यात दोनच पर्याय असतात, दुसऱ्यात हवे तेवढे. सॅम्पल काही मिलिसेकंद पुढेमागे सरकवून बघा.


टिपरू
बुधवार, सकाळी ९:०५

ताईंना +१. पण सरकवूनही लडखडणं जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. कारण खालीलप्रमाणे.

किक म्हणजे एक सूर नव्हे, घसरगुंडी आहे. सुरुवात काहीशे हर्ट्झवर होते आणि भर्रकन पन्नाशीत येऊन टेकते. एफएलमधल्या एडिसन एडिटरमध्ये सॅम्पल उघडा, पुरेसं झूम करा. पहिली लाट चिंचोळी, ४-५ मिलिसेकंदांची असेल. पुढची ९-१० ची. मग १५, मग १८-२० आणि तिथे स्थिर. घाटातली वळणं खाली येता येता रुंद होत जातात तसं. प्रत्येक किकचा घाट वेगळा. तुमची मधली किक आणि ८०८ एका वळणावर जुळवल्या तर पुढच्या वळणावर सुटणारच. दोघींना एकाच वेळी संपूर्ण उतारावर जोडीने चालवता येत नाही.

म्हणून तळाची सत्ता एकीकडेच द्यायची. शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खाली एकच सॅम्पल बोलणार. कुठलं ते ठरवा आणि बाकीच्यांना लो-कट (खालचा आवाज कापणारा ईक्यू) लावा.

आणि हो, आधी लो-कट, नंतर सरकवणं. उलट करू नका. साधा ईक्यू कटऑफच्या (जिथून कापतो त्या जागेच्या) आसपास फेज, म्हणजे लाटांची वेळ, हलवतो. उतार जितका खडा, तितका जास्त. मन लावून जुळवायचं आणि मग त्यावर ४८ डीबीचा खडा कट मारायचा, की जुळवलेलं सगळं पाण्यात. मी हे दोन वर्षं करत होतो.


खोलीतला_डीजे
बुधवार, सकाळी ९:३१

मी ८०८ वर ४० हर्ट्झला ४८ डीबीचाच कट मारलाय. जुळवल्यानंतर. 🙈

लिनियर फेज ईक्यू लावला तर?


टिपरू
बुधवार, सकाळी ९:४०

फेज हलणार नाही, पण ठोक्याच्या आधी एक फुसका आवाज येईल. प्री-रिंगिंग. सोड्याची बाटली उघडताना होतं तसं, फक्त ढोलाच्या आधी. किकला तो नको. तो कट काढूनच टाका, ८०८ मध्ये ४० च्या खाली असून असून किती असणार?


साउंडवाला_मिरज
बुधवार, दुपारी १:१५

नमस्कार. मी ट्रॅक बनवत नाही, वाजवतो. सिस्टीम आहे आमची. लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात आणि म्हणतात भाऊ, माझा रिमिक्स लावा. लावला की मला दोन सेकंदांत कळतं की हेडफोनवर बनवलाय. ३० हर्ट्झला नुसता ढिगारा. आमच्या बेसच्या पेट्या ३५ च्या खाली द्यायचं नावच घेत नाहीत, क्रॉसओव्हरमध्येच (पेट्यांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात) कापून ठेवलंय, नाहीतर स्पीकरचा कोन बाहेर येईल. मग त्या पोराच्या किकमधलं उरतं काय? वरची टकटक.

मैदानात छातीवर बसतं ते ५० ते १०० च्या मधलं. मोबाईलवर ऐकणाऱ्याला तेही नाही, त्याला वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) लागतात. म्हणून थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) द्या, मग मोबाईलवरही किकचा सूर कळतो. तळ वाजत नसला तरी कान तो भरून घेतो.


हणजूणकर
बुधवार, दुपारी ३:५०

गोंयहून देव बरें करूं. सायट्रान्सवाल्याची (आमचं वेगवान नाचाचं संगीत) एक नोंद.

आमच्याकडे १४५ बीपीएमला सोळावा भाग (एका ठोक्याचा चौथा हिस्सा) म्हणजे जेमतेम १०३ मिलिसेकंद. किकनंतर त्याच्या पुढच्या खणात बेसचा पहिला सूर येऊन उभा. म्हणजे किकच्या भरीव भागाला शंभरच मिलिसेकंद, पन्नास हर्ट्झच्या लाटा मोजल्या तर पाच. पाच लाटांत सगळं सांगून मोकळं व्हायचं. ८०८ ची लांब शेपटी इथे चालतच नाही, आल्या आल्या बेसच्या पायात येते.

तुमच्या १२८ ला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा. बेस ऑफबीटला (दोन ठोक्यांच्या बरोबर मधे) असेल तर २३४ वर येणार. तुमची शेपटी कुठवर जाते बघितलं का? लडखडण्यात तिचाही हात असू शकतो.

(अवांतर: नव्वदीत हणजूणच्या पार्ट्यांत डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप चालायच्या, उन्हात आणि धुळीत रेकॉर्डी टिकायच्या नाहीत म्हणून. डॅटवर वेग जुळवायची सोय नाही, म्हणून सुरुवात आणि शेवट लांबलचक, बिनठोक्याचे. तेव्हाच्या ट्रॅकांत किक इतक्या उशिरा का येते असं पोरं विचारतात, त्याचं एक कारण हे.)


खोलीतला_डीजे
बुधवार, रात्री १०:३०

शेपटी ६१० मिलिसेकंद निघाली! पुढच्या ठोक्याच्या अंगावर जातेय. स्वतःच स्वतःला खातेय.

आज केलेलं काम:
चौथी हाकलली. मधली किक ठेवली, तिला १२० ला लो-कट. ८०८ ची शेपटी २१० वर कापून शेवटी फेड. मग जुळवली. आता हेडफोनवर भिंत पडल्यासारखी किक आहे. डोळ्यांत पाणी आलं.

पण स्पीकरवर अजून काहीच नाही. तीच फाइल, तोच ट्रॅक. तळाला पुन्हा पोकळ. मॉनिटर गेले का?


रॉटरडॅमकर
बुधवार, रात्री ११:४५

मॉनिटर ठीक असतील. खोली किती बाय किती आणि खुर्ची कुठे?


खोलीतला_डीजे
बुधवार, रात्री ११:४९

१० बाय १०. खुर्ची बरोब्बर मधे, पंख्याखाली. उकडतं हो.


रॉटरडॅमकर
गुरुवार, रात्री १२:२०

मग सापडलं.

१० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत लाटेचा अर्धा भाग बरोबर बसतो ती फ्रीक्वेन्सी म्हणजे ३४३ भागिले ६.१, आले ५६. तुमची किक ५५. या लाटेचा दाब भिंतींपाशी सर्वांत जास्त, खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे तुमची खोली नेमका ए हा सूर खुर्चीच्या जागी गिळून टाकते. दोन आठवडे तुम्ही त्या खड्ड्यात सॅम्पलं ओतताय.

आत्ताच करून बघा: ट्रॅक चालू ठेवा, उठा, कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहा.


खोलीतला_डीजे
गुरुवार, रात्री १२:२६

...

कोपऱ्यात कपाटाचं दार थरथरतंय. आई उठली.


टिपरू
गुरुवार, सकाळी ८:५०

दंडवत रॉटरडॅमकर. मी दोन दिवस त्यांच्या फेजवर प्रवचन देतोय आणि माणूस खड्ड्यात बसलाय.

डीजे, खुर्ची पुढे सरकवा. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांच्या आसपास डोकं येईल अशी. लांबीच्या ३८ टक्के हा एक चालता ठोकताळा आहे, तिथून इंच-दोन इंच इकडेतिकडे करत बघायचं. पंख्याचं काय ते तुम्ही आणि तुमची आई बघा. आणि तळाचे निर्णय हेडफोनवरच घ्या, लाजायचं काही कारण नाही.


अर्धा_सेमीटोन
गुरुवार, सकाळी ९:३०

एक राहिलंच. ८०८ चा सूर तपासला का? ५५ हर्ट्झ हे मी ट्रॅकवरून गृहीत धरलं होतं. सॅम्पल कुठल्या सुरात आहे कोणी बघितलं?

ट्यूनर प्लगिन किकला फसतो, घसरगुंडीमुळे. हाताने मोजा. शेपटीतला स्थिर भाग घ्या, शून्यरेषेवरून लाट वर निघते तिथपासून पुढच्या तशाच जागेपर्यंत सिलेक्ट करा आणि किती सॅम्पल झाली ते वाचा. ४४,१०० ला त्याने भागा.


खोलीतला_डीजे
गुरुवार, दुपारी २:०५

ऑफिसच्या लॅपटॉपवर मोजलं (सांगू नका कोणाला). ८५० आले. ४४१०० भागिले ८५० म्हणजे ५१.९.


अर्धा_सेमीटोन
गुरुवार, दुपारी २:१२

५१.९ म्हणजे जी शार्प. तुमचा ट्रॅक ए मध्ये. अर्ध्या सुराचा घोळ! तुमचा बेस ५५ वर आणि किकची शेपटी ५२ वर, दोघींची भांडाभांड सेकंदाला तीन वेळा. ते वँव-वँव हेच असू शकतं. माझं नाव उगाच नाही.

एक सेमीटोन वर चढवा. स्ट्रेच (लांबी तीच ठेवून सूर बदलणं) नको, साधं रीसॅम्पलच करा, जुन्या टेपचा वेग वाढवतात तसं. लांबी साधारण ६ टक्क्यांनी कमी होईल, तुम्हाला ते हवंच आहे. टाइम-स्ट्रेच लावलात तर पहिला धक्का पिठासारखा पसरतो. चढवल्यावर एक लाट ८०२ च्या आसपास भरली पाहिजे.

सगळ्यांनी किक सुरात लावलीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. छोटी, टणक किक असेल तर कोणाला कळतही नाही. पण २०० मिलिसेकंद रेंगाळणारी शेपटी म्हणजे तानपुऱ्याची तार. ती बेसूर ठेवून कसं चालेल?


नवाच_आलोय
गुरुवार, दुपारी ४:४०

वाचनखूण साठवली. प्रश्न: एवढं करण्यापेक्षा एखादी तयार किक उचलून लावली तर? पॅकवाल्यांनी हे सगळं करूनच ठेवलेलं असतं ना? आणि अशा मिसळून बनवलेल्या किका आपण पॅक करून विकू शकतो का?


टिपरू
गुरुवार, संध्याकाळी ६:१५

पहिल्याचं उत्तर: हो, खुशाल. माझ्या दहातल्या सात ट्रॅकांत एकच सॅम्पल असतं, थोडं कापलेलं, सुरात लावलेलं. मिसळायचं केव्हा, तर एका सॅम्पलमध्ये अमुक गोष्ट नाही हे बोट ठेवून सांगता येईल तेव्हा. 'टक् नाही', म्हणून टक् आणायची. 'मजा येत नाही' म्हणून तीन आणल्या की हा धागा होतो.

सॅम्पल निवडताना मी आधी डोळ्यांनी बघतो. पॅकमधल्या बऱ्याच किका आधीच लिमिटरखालून काढलेल्या असतात, वेव्हफॉर्मची डोकी रंध्याने तासल्यासारखी सपाट. अशी एक चालते. अशा दोन एकत्र केल्या तर बाहेर पडतो तो चिखल. दुसरं, ऐकताना आवाज समान करून ऐका. नवा लेयर लावला की पातळी वाढते, वाढली की छान वाटतं, आणि आपण समजतो की लेयर छान आहे.

दुसऱ्याचं उत्तर: लायसन्स वाचा. रॉयल्टी-फ्री म्हणजे ट्रॅकमध्ये वापरायला मोकळीक. तीच सॅम्पलं, सुटी किंवा थोडीफार बदलून, पुन्हा सॅम्पल म्हणून विकायला बहुतेक पॅक मनाई करतात. कोणाच्या प्रसिद्ध ट्रॅकमधून किक कापून घेणं हे आणखी वेगळं प्रकरण. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रण सामावून दुसरं ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क मूळ मालकाचा आहे. एक ठोका असो की अख्खं गाणं.


रॉटरडॅमकर
गुरुवार, रात्री ११:१०

माझं थोडं वेगळं मत. एका सॅम्पलमधूनही नवी किक निघते, दुसरं लागतच नाही. मी राहतो त्या शहरात नव्वदीच्या सुरुवातीला गॅबर (कर्कश, वेगवान नाचाचं संगीत) आलं. पोरांनी ९०९ ची किक मिक्सरमध्ये इतकी ओव्हरड्राइव्ह केली (क्षमतेपलीकडे चढवली) की लाटेचा चौकोन झाला आणि ठोक्याला चक्क सूर आला. आजही इथले हार्डकोरवाले तेच करतात. किक घ्यायची, ईक्यू, डिस्टॉर्शन, ऑडिओ करून ठेवायची, पुन्हा ईक्यू, पुन्हा डिस्टॉर्शन. आठ-दहा फेऱ्या. डिस्टॉर्शनच्या आधी ईक्यूमध्ये काय उचलता त्यावर सगळा रंग ठरतो. कढी फोडणीनंतर ढवळली की आधी, तसं.

आणि ज्याला आपण सगळे '९०९ चं सॅम्पल' म्हणतो त्याची गंमत: १९८३ च्या त्या मशीनमध्ये हाय-हॅट आणि झांजा ६ बिटची सॅम्पलं होती, पण किक सॅम्पल नव्हतीच. अॅनलॉग सर्किट. १९८० च्या ८०८ मध्ये तर सगळंच अॅनलॉग. खरी किक त्या दोघांनीही कधी ऐकली नव्हती.


साउंडवाला_मिरज
शुक्रवार, सकाळी ११:००

वरची टक् सगळे ९०९ चीच लावता. आपल्याकडे हलगी आहे की. टिपरीचा पहिला फटका घ्या, शेकलेल्या हलगीचा, त्याच्यापुढे ९०९ पाणी भरेल. गर्दीतनं कापत जातो. हलगी-घुमकं-कैताळ वाजतंय आणि अर्धा किलोमीटरवरनं आधी काय ऐकू येतं? हलगी.


खोलीतला_डीजे
रविवार, रात्री ९:१५

मामा कागलला असतात, त्यांच्याकडून एकाबरोबर हलगी मागवली. मिरजकर, तुमच्यामुळे.

पहिल्यांदा मोबाईलवर रेकॉर्ड केली. वेव्हफॉर्म बघितली तर पहिला फटका गायब, मागचा खणखणाट मोठा. फोन स्वतःच आवाज दाबतो, ऑटो गेन. मग मित्राचा रेकॉर्डर आणला, गेन हाताने कमी ठेवला, गच्चीवर गेलो. चाळीस फटके मारले. त्यातले कामाचे तीन. काठाजवळ मारलेला सर्वांत कडक आला, मधोमध मारला की घुमतो.

घेतलेला तुकडा फक्त १४ मिलिसेकंदांचा. ९०० हर्ट्झला लो-कट, शेवटच्या ४ मिलिसेकंदांत फेड. एकटा वाजवला तर काडेपेटीवर नख मारल्यासारखा वाटतो, हलगी म्हणून ओळखणार नाही कोणी. ८०८ वर ठेवला आणि ३ मिलिसेकंद आधी सरकवला, तेव्हा किकला तोंड फुटलं.

आणि मधली किक शेवटी म्यूट करून बघितली. काहीच गेलं नाही! उलट हलगी स्पष्ट झाली. दोन आठवडे जी सांभाळली तीच नको होती. काढली.

म्हणजे आता: हलगी १४ मिलिसेकंद, ८०८ एक सेमीटोन वर, किंचित सॅच्युरेशन, वर सॉफ्ट क्लिपर (लाटेची टोकं हळूच छाटणारा), पूर्ण मोनो. २४ बिट वेव्ह करून एकच फाइल बनवली. फाइलच्या नावातच सूर लिहिलाय. खुर्ची पुढे आहे, पंखा मागे आहे, घाम येतोय. मिरजकर, दुवा व्यक्तिगत निरोपात टाकलाय. मोठ्या पेट्यांवर एकदा ऐकाल का?


हणजूणकर
रविवार, रात्री ९:४०

३ मिलिसेकंद आधी, हे आवडलं. ८०८ ची पहिली लाट वर यायला वेळ घेते, तोवर हलगी बोलून घेते. मीही तसंच करतो, फक्त २ वर.


साउंडवाला_मिरज
मंगळवार, रात्री ८:२०

गोडाऊनमध्ये लावली. चार पेट्या, अर्ध्या आवाजावर. दुसऱ्या ठोक्याला शटर वाजलं. ५५ ला छान बसलीय, कोन जाग्यावर, अँपचा लाल दिवा लागला नाही. हलगी रस्त्याच्या पलीकडनं ऐकू येते, चहावाल्याला विचारलं.

आमचा पोरगा हलगी वाजवतो, त्यानं फाइल ऐकून एकच विचारलं. शेकली होती का नीट?


खोलीतला_डीजे
मंगळवार, रात्री ८:३१

गॅसवर. आई अजून बोलत नाहीये.